गाळलेली जागा

उन्हाळ्याची सुटी ही आम्हां अध्यापकांस वाचनाची खरी पर्वणी असते. गेल्या सुटींत फुलचूर येथील घराच्या ओसरीवर बसून आम्हीं मराठी प्रवासवर्णनांचा एक लहानसा ढीग वाचून काढला. त्यांत नामवंत लेखकांचीं पुस्तकें होतीं; तशींच परदेशीं मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईबापांचीं आणि पंधरा दिवसांत आठ देश पाहून परतलेल्या हौशी मंडळींचींही होतीं. या पुस्तकांच्या भाषेविषयीं, त्यांतील विनोदाविषयीं अथवा माहितीच्या खरेखोटेपणाविषयीं आज आम्हांस लिहावयाचें नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें बहुतेक सर्व पुस्तकांत नसलेल्या एका गोष्टीनें.

विमानाचें वर्णन सर्वत्र आहे. खिडकींतून दिसणारे ढग आहेत, ताटलींतील न ओळखूं येणारे पदार्थ आहेत, पट्टा बांधतांना उडालेली तारांबळ आहे. मग विमान उतरतें, पारपत्रावर शिक्का बसतो, फिरत्या पट्ट्यावरून सामान हातीं येतें. आणि पुढच्याच परिच्छेदास आरंभ होतो तो दुसऱ्या दिवशींच्या सकाळीं, शहरांतील एखाद्या प्रसिद्ध पुतळ्यापाशीं. परंतु विमानतळ बहुधा शहराबाहेर, कोठें कोठें वीस-तीस किलोमीटर दूर असतो. तें अंतर या प्रवाशांनीं कसें तोडिलें ? कोणत्या वाहनानें, किती वेळानें, कोणास विचारून ? याविषयीं लेखक एक अक्षरही बोलत नाहीं. आमच्या शाळेंतील प्रश्नपत्रिकेंत ‘गाळलेल्या जागा भरा’ असा एक प्रश्न ठरलेला असे. तशी ही गाळलेली जागा पुस्तकामागून पुस्तकांत आमच्यापुढें येत गेली, आणि अखेर तिच्याविषयीं कांहीं लिहिणें आम्हांस प्राप्त झालें.

मराठी प्रवासवर्णन पूर्वीं असें नव्हतें. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत झांशीचा वेढा आहे म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांस तो प्रिय आहे. परंतु आमच्या मतें त्याचें वाङ्मयीन बळ वाटेंत आहे. मुक्काम कोठें पडला, आश्रय कोणी दिला, लुटलें कोणी, या गोष्टी भटजींस सांगण्याजोग्या वाटतात. कारण एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जिवंत पोहोंचणें हीच त्यांच्या लेखीं मोठी घटना होती. पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या पुस्तकाचें नांव ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असें आहे. त्या नांवांतच लोकस्थितीस पहिला मान असून प्रवासवृत्त मागाहून येतें. पुढें आगगाडीच्या काळांतही स्टेशन, हमाल, टांगेवाला आणि भाड्याची घासाघीस हें आमच्या विनोदी लेखकांचें हुकमी भांडवल होतें. म्हणजे पोहोंचण्याची हकीकत सांगण्याची रीति मराठींत नव्हती असें नाहीं. ती विमानाबरोबर नाहींशी झाली.

असें कां व्हावें ? एका लेखकाचें विस्मरण समजतां येईल. सर्वांचें समजतां येत नाहीं. पुस्तकें पुन्हां चाळून पाहतां कारण ध्यानांत आलें, आणि तें अगदीं साधें आहे. या सर्व प्रवाशांस न्यावयास कोणी ना कोणी आलें होतें ! कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणाच्या वर्गमित्राचा शेजारी, कोठें महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस, कोठें प्रवासी संस्थेचा हातांत पाटी धरून उभा असलेला मनुष्य. बाहेर मोटार तयार होती. मोटारींत बसलेल्या पाहुण्यास वाट दिसत नाहीं. तो घरच्या बातम्या सांगण्यांत आणि लोणच्याची बरणी फुटली नाहीं ना, या काळजींत असतो. मोटार थांबते तेव्हां घर आलेलें असतें. जें अनुभवालाच आलें नाहीं, तें लेखणीस कोठून यावें ?

या आतिथ्याचा उपहास करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभें आहे. परक्या मुलखांत उतरलेल्या आपल्या माणसास आपल्या माणसानें हात द्यावा, ही आमच्या समाजाची भूषणावह चाल आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या मोटारीनें वाङ्मयाची एक हानि केली, आणि ती वाङ्मयापुरतीच राहिली नाहीं. ती कशी, हें सांगण्यासाठीं एक घरगुती हकीकत सांगणें भाग आहे.

आमच्या वडील भगिनी गेली अनेक वर्षें आमच्याजवळच फुलचुरास असतात. त्यांचा मुलगा आखातांतील एका शहरीं नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वीं त्या त्याच्याकडे चार महिने राहून एकट्याच परत आल्या. आपल्याच देशांतील एका मोठ्या विमानतळावर त्या उतरल्या. त्याचें नांव येथें सांगत नाहीं, कारण हा प्रसंग कोणत्याही विमानतळावर घडूं शकेल. पुढची गाडी पकडावयाची होती, हातीं वेळ भरपूर होता, प्रकृति धडधाकट होती. त्यांनीं एका चौकशीच्या मेजापाशीं जाऊन स्टेशनाकडे जाणारी बस कोठें मिळते असें विचारलें. पुढें काय झालें तें त्यांच्याच शब्दांत सांगतों. “तो मुलगा वाईट नव्हता रे. अदबीनं बोलला. पण मी बसचं विचारलं, तर तो म्हणाला, ‘मावशी, घ्यायला कोणी आलं नाहीं का ?’ मला एकदम वाटलं, या जगांत माझं कोणी नाहींच जणूं !” अखेर त्यांनीं एक मोटार भाड्यानें केली, आणि विमानाच्या तिकिटाच्या मानानेंही डोळ्यांत भरावी अशी रक्कम देऊन त्या स्टेशनावर पोहोंचल्या.

रक्कम गेली याचें ताईंस दुःख नव्हतें, प्रश्नाचें होतें. आम्हांसही तो प्रश्न पुढें कित्येक दिवस छळीत राहिला. कारण त्या मुलाच्या तोंडून जो प्रश्न निघाला, तोच आमच्या प्रवासवर्णनांच्या गाळलेल्या जागेंत दडलेला आहे, आणि आमच्या विमानतळांच्या रचनेंतही. न्यावयास कोणीतरी येईलच, हें या तिघांनींही गृहीत धरलेलें आहे. जो लेखक वर्णन करतो त्यास मोटार येते. जो अधिकारी नकाशा मंजूर करतो त्यासही मोटार येते. मग ज्यास येत नाहीं त्याची वाट पुस्तकांतही नसते आणि नकाशावरही नसते. पुस्तकांतील रिकामी जागा आणि विमानतळाच्या दारापुढील रिकामी जागा यांचा उगम एकच आहे.

टीकाकारानें दुसऱ्याच्या पुस्तकांतील उणीव दाखवून थांबूं नये, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों. तेव्हां गेल्या हिवाळ्यांत एक दिवस काढून, चाकांची एक पेटी बरोबर घेऊन, नागपूरच्या विमानतळाच्या दारापासून फुलचूरच्या घरापर्यंतची वाट आम्ही केवळ सार्वजनिक वाहनांनीं चाललों. ती गाळलेली जागा आमच्यापुरती भरली ती अशी.

नागपूरचा विमानतळ पूर्वीं सोनेगांवचा म्हणून ओळखला जाई; २००५ पासून तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. नांव नागपूरचें असलें तरी तो साऱ्या विदर्भाचा आहे. शारजा आणि दोहा येथून येथें विमानें आलीं आहेत, आणि त्यांतून उतरणारा प्रवासी वर्ध्याचा, भंडाऱ्याचा, गोंदियाचा किंवा सीमेपलीकडच्या बालाघाटचाही असूं शकतो. वर्धा मार्गावरून धांवणारी मेट्रो ७ मार्च २०१९ रोजीं सुरू झाली. तिच्या या मार्गावर ‘एअरपोर्ट’, ‘एअरपोर्ट साऊथ’ आणि ‘न्यू एअरपोर्ट’ अशीं तीन स्थानकें आहेत. विमानतळाचें नांव तिघांनीं धारण केलें आहे, पण विमानतळाच्या दाराशीं त्यांपैकीं एकही नाहीं. जवळचें जें ‘एअरपोर्ट’, तेंही दारापासून किलोमीटरभराहून अधिक दूर, वर्धा मार्गावर आहे. आम्ही पेटी ओढीत तेवढें अंतर चाललों. हिवाळ्याची सकाळ होती म्हणून तें सुखाचें झालें. मे महिन्याच्या दुपारीं नागपुरांत पेटी ओढीत चालण्याचा सल्ला आम्ही आमच्या वैऱ्यासही देणार नाहीं.

एकदां मेट्रोंत बसल्यावर मात्र तक्रारीस जागा उरत नाहीं. गाडी स्वच्छ, वेळेवर आणि उंचावरून जाणारी. उज्ज्वलनगर, छत्रपति चौक, अजनी, काँग्रेसनगर असें सारें नागपूर पायांखालून सरकतें. सीताबर्डीस गाडी बदलावी लागते. तेथून प्रजापतिनगराकडे जाणारा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून दुसऱ्याच स्थानकावर नागपूरचें रेल्वे स्टेशन येतें. पुढें हावड्याच्या मार्गावरची गाडी. गोंदिया तेथून सुमारें १३० किलोमीटर, चांगल्या गाडीस सुमारें दोन तासांची वाट. मुंबईहून येणारी विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापुराहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस या दोहोंचा प्रवास गोंदियासच संपतो. तेव्हां गाडीची वाण आहे असें कोणीं म्हणूं नये. गोंदियाच्या स्टेशनाबाहेर पांचसहा जणांस घेऊन जाणारी रिक्षा मिळाली, आणि आम्ही दुपारच्या जेवणास घरीं होतों.

या मार्गावर भंडारा रोड आणि तुमसर रोड अशीं दोन स्टेशनें लागतात. जुन्या रेल्वे कंपन्यांची ही ‘रोड’ शब्दाची योजना आम्हांस फार प्रामाणिक वाटते. स्टेशन वरठीस आहे, भंडारा शहर कांहीं किलोमीटर दूर आहे, हें त्या एका शब्दानें प्रवाशास आगाऊ सांगून टाकलें जातें: बाबा रे, हें गांव नव्हे, येथून गांवाचा रस्ता लागतो. मुंबईच्या पहिल्या मेट्रोनें २०१४ सालीं हाच प्रामाणिकपणा दाखवून आपल्या एका स्थानकास ‘एअरपोर्ट रोड’ असें नांव दिलें. नागपूरच्या तिन्ही स्थानकांच्या नांवांत हा शब्द असता, तर निदान नांवापुरता तरी दोष राहिला नसता.

आमच्या या प्रवासाचा निष्कर्ष आम्हांसच अनपेक्षित होता. विमान चांगलें, मेट्रो उत्तम, आगगाडी भरंवशाची, रिक्षावाला भला. दोष वाहनांत नव्हता. एक वाहन संपून दुसरें सुरू होण्यापूर्वींच्या जागेंत होता. आमच्या नाट्यशास्त्रकारांनीं नाटकाचे पांच संधि सांगितले आहेत, आणि अंक कितीही सरस असले तरी संधि सैल असल्यास नाटक उभें राहत नाहीं, हें वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. येथेंही तेंच झालें आहे. प्रत्येक अंकास स्वतंत्र कर्ता आहे; सांध्यास कोणीच कर्ता नाहीं. विमानतळाची जबाबदारी दाराशीं संपते, मेट्रोची स्थानकाच्या जिन्यापाशीं सुरू होते, आणि मधला किलोमीटरभर रस्ता प्रवाशाच्या नशिबावर सोडलेला आहे. ज्याच्याजवळ मोटार आहे त्यास हा सांधा दिसतही नाहीं. ज्याच्याजवळ ती नाहीं त्यास पहिला मोठा खर्च येथेंच येतो, आणि एकदां मोटार भाड्यानें केल्यावर तो मेट्रोपर्यंत कशास जाईल ? तो त्याच मोटारीनें थेट पुढें जातो. एक किलोमीटर तुटला म्हणून चाळीस किलोमीटरांची मेट्रो त्याच्यापुरती व्यर्थ झाली.

कोणी म्हणेल, निरनिराळ्या वाहनांचे मालक निरनिराळे असणारच. सांध्याची मालकी कोणीं घ्यावी? याचें उत्तर नागपुरानेंच एकदां सबंध देशास दिलें होतें. १९४९ सालीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांच्या शहरांतून विमानें रात्रीं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, आपापल्या थैल्या एकमेकांस देत आणि आपापल्या शहरीं परत जात. मुंबईस संध्याकाळीं टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास पोहोंचे. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. ही योजना पुढें बंद पडली, पण तिच्यांतील तत्त्व आम्हांस आजही फार मोलाचें वाटतें. चारही विमानांच्या वेळा अशा बांधल्या होत्या कीं, नागपूरचा सांधा साधलाच पाहिजे. सांधा हाच त्या योजनेचा प्राण होता.

आणि टपालाची गोष्ट निघाली म्हणून विचारतों: फुलचुराहून लंडनला पाठविलेलें एक पत्र किती हातांतून जातें ! पेटी, थैली, मोटार, आगगाडी, विमान, पुन्हां मोटार आणि शेवटीं पायीं चालणारा टपालवाला. इतके सांधे असतां कोणी पत्रास असें विचारीत नाहीं कीं, ‘तुला न्यावयास कोणी आलें नाहीं काय ?’ त्यावर तिकीट एकदांच लावलेलें असतें, पत्ता एकदांच लिहिलेला असतो, आणि शेवटच्या दारापर्यंत तें पोहोंचविण्याची जबाबदारी टपालखात्यानें पहिल्या पेटींतच स्वीकारलेली असते. कागदास जो न्याय आहे तो माणसास असूं नये काय ? सर्व वाहनांस चालेल असें एक कार्ड मार्च २०१९ मध्यें केंद्र सरकारनें पुढें आणलें, तें स्तुत्यच आहे. परंतु कार्डानें पैसे देण्याची रीति एक होते, वाहनें एकमेकांस भेटत नाहींत.

बाहेरच्या जगानें हा प्रश्न पूर्वींच ओळखला आहे. बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळाजवळ भुयारी रेल्वेचें स्थानक १९२७ सालींच उघडलें होतें. लंडनजवळच्या गॅटविकचा नवा विमानतळ १९५८ सालीं उघडला तो आगगाडीचें स्टेशन अंगास चिकटवूनच. हीथ्रोपर्यंत भुयारी गाडी १९७७ सालीं गेली. स्वित्झर्लंडांतील झुरिकच्या विमानतळाखालीं १९८० सालीं स्टेशन झालें, आणि तेथून गाड्या केवळ झुरिकास नव्हे, तर देशांतील इतर शहरांसही थेट जाऊं लागल्या. दोन वर्षांनीं, १९८२ सालीं, त्या देशानें आपलें सारें वेळापत्रक नव्यानें बांधलें: गाड्यांनीं ठराविक मिनिटांस मोठ्या स्थानकांवर एकत्र यावें, उतारूंनीं गाडी बदलावी, आणि मग सर्वांनीं पुढें निघावें. जगानें याचें मोठें कौतुक केलें. आमच्या वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हें नागपूरच्या मध्यरात्रीच्या टपालाचेंच तत्त्व आहे, आणि तें आम्हीं तेहेतीस वर्षें आधीं अमलांत आणलें होतें.

आपल्या देशांतही उदाहरणें नाहींत असें नाहीं. दिल्लींत २३ फेब्रुवारी २०११ पासून विमानतळाची स्वतंत्र मेट्रो आहे; तिच्या नवी दिल्ली स्थानकावर कांहीं विमानांचें सामानही आगाऊ सोंपवितां येतें, म्हणजे टपालपेटीचें तत्त्व तेथें अंशतः तरी आलें. मुंबईस सहारच्या विमानतळाशीं भुयारी मेट्रोचें स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्यें उघडलें, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तोच मार्ग थेट कफ परेडपर्यंत जातो. ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या परदेशचे प्रवासी उतरत आले, तेथें हें होण्यास इतका काळ लागावा याचा खेद करावा कीं शेवटीं झालें याचा आनंद, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

परंतु आगगाडी अथवा मेट्रो यांवांचून हा प्रश्न सुटतच नाहीं, असेंही नव्हे. बंगलोरचा विमानतळ २००८ सालीं देवनहळ्ळीस गेला, तेव्हां तेथें मेट्रो नव्हती. पण शहराच्या निरनिराळ्या भागांस जाणाऱ्या ‘वायुवज्र’ बसगाड्या विमानतळाच्या दाराशीं उभ्या राहिल्या, आणि पुढें राज्याच्या परिवहन मंडळानें विमानतळापासून थेट म्हैसूरपर्यंत बस सुरू केली. म्हैसूरच्या माणसास बंगलोर शहराशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्यास विमानाच्या दारापासून आपल्या गांवची गाडी हवी असते, हें ज्यानें ओळखलें त्याच्या बुद्धीस आम्ही प्रणाम करितों. गोव्यांत मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्यें वाहतूक सुरू झाली. तेथूनही कदंब महामंडळाच्या बसगाड्या पणजीस व मडगांवास जातात. बसला बोगदा लागत नाहीं, पूल लागत नाहीं, परकी कर्जें लागत नाहींत. एक थांबा, एक वेळापत्रक आणि तें पाळण्याची इच्छा, एवढ्यावर ती चालते.

या बाबतींत महाराष्ट्र मागासलेला राहण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, ही पहिली एस्. टी. निघाली, तेव्हांपासून जेथें रस्ता तेथें बस हें आमच्या राज्याचें ब्रीदच झालें आहे. जी बस अरण्याच्या कडेच्या वाडीस जाते, तिला विमानतळाच्या दारापर्यंत जाणें अवघड नाहीं. नागपूरच्या गणेशपेठेच्या बसस्थानकांतून भंडाऱ्याकडे, वर्ध्याकडे, चंद्रपुराकडे आणि अमरावतीकडे गाड्या निघतच असतात. त्यांपैकीं कांहींचा आरंभ विमानांच्या वेळा पाहून विमानतळापासून करावा. दारापासून मेट्रोपर्यंत आणि रेल्वे स्टेशनापर्यंत ठराविक वेळीं निघणारी गाडी असावी. आणि बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, मराठींत, मोठ्या अक्षरांत, कोणत्या गांवची गाडी किती वाजतां आणि कोठून निघते याचा फलक असावा. यांत अशक्य असें काय आहे ?

दोन आक्षेपांचा विचार येथें केला पाहिजे. पहिला असा कीं, विमानानें येणारा मनुष्य सधन असतो. त्यास बस कशास हवी? हा आक्षेप विमानाच्या तिकिटाकडे पाहून केलेला आहे, प्रवाशाकडे पाहून नव्हे. आखातांत कामास गेलेला तरुण विमानानेंच परत येतो, आणि त्यानें आणलेली कमाई बहुधा कर्ज, बहिणीचें लग्न व घराचें छप्पर यांत वांटली गेलेली असते. म्हाताऱ्या आईबापांचें तिकीट मुलगा काढतो. वाटेंत मोटारीचें भाडें देतांना त्यांचा हात थरथरतो. परीक्षेस अथवा मुलाखतीस जाणारी मुलगी रात्रीं दहा वाजतां उतरते, आणि अनोळखी मोटारींत एकटी बसण्यापेक्षां दहा माणसांबरोबर बसमध्यें बसणें तिला सुरक्षित वाटतें. या सर्वांस सधन म्हणणें ही थट्टा होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टॅक्सी आणि रिक्षा चालविणाऱ्यांचें पोट यावर आहे. बस दाराशीं आली तर त्यांनीं काय करावें? हा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाहीं. परंतु आमचा अनुभव असा कीं, जेथें सार्वजनिक वाहन पोहोंचतें तेथें माणसांची ये-जा वाढते, आणि शेवटच्या टप्प्यास रिक्षा लागतेच. आमचें गोंदियाच याची साक्ष देईल. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा रस्ता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं येथून जबलपुराकडे गेलेला अरुंद रुळांचा फांटा, यांच्या सांध्यावर हें गांव वाढलें. आज एकीकडे बालाघाट, दुसरीकडे नागभीड व चंद्रपूर अशा वाटा येथें मिळतात. जंक्शन या शब्दाचा अर्थच सांधा. सांधा झाला म्हणून तांदळाचा व्यापार आला, आणि व्यापार आला म्हणून टांगेवाल्याचें पोट चाललें. सांधा जुळल्यानें गरीब उपाशी मरतो, हें आमच्या गांवाच्या इतिहासास धरून नाहीं.

गोंदियाजवळ बिरसीस महायुद्धाच्या काळापासून धांवपट्टी आहे. तेथून मार्च २०२२ मध्यें प्रवासी विमान उडालें, पुढें तें थांबलें, आणि डिसेंबर २०२३ मध्यें हैदराबादेस व तिरुपतीस पुन्हां उडूं लागलें. त्या उद्घाटनांच्या वेळीं आम्हां सर्वांस अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. परंतु धांवपट्टी बांधून गांव जगाशीं जोडलें जात नाहीं, हें नागपूरच्या उदाहरणावरून आम्हीं शिकावें. उतरलेल्या माणसाचें पाऊल जेव्हां कोणाचे उपकार न घेतां घराच्या उंबरठ्यावर पडतें, तेव्हां गांव जोडलें जातें.

आतां पुन्हां वाङ्मयाकडे वळतों. कारण आमचा अधिकार असलाच तर तेथेंच आहे. आम्हांस वाटतें कीं, या गाळलेल्या जागेनें लेखकांचेंही मोठें नुकसान केलें आहे. शहराची पहिली ओळख त्याच्या पुतळ्यापाशीं होत नसते. विमानतळाहून निघालेल्या बसमध्यें रात्रपाळी संपवून घरीं जाणारी परिचारिका असते, शाळेस निघालेलीं मुलें असतात, न समजणाऱ्या भाषेंत खाणाखुणा करून नवख्यास थांबा दाखविणारा एखादा म्हातारा असतो. ज्यानें तो तास अनुभवला नाहीं, त्यानें शहर पाहिलें असेल. शहरानें त्यास पाहिलें नाहीं. भटजींचें पुस्तक आजही वाचवतें याचें रहस्य आम्हांस येथें सांपडतें. त्यांस न्यावयास कोणी येत नसे, म्हणून त्यांस भेटलेलीं माणसें त्यांच्या पुस्तकांत आलीं.

याकरितां यापुढें परदेशीं अथवा परप्रांतीं जाऊन येणाऱ्या आमच्या लेखकबंधुभगिनींस एक विनंति आहे. एकदां तरी न्यावयास येणाऱ्यांस येऊं नका म्हणून कळवा, आणि मग सामान हातीं आल्यापासून दार ठोठावीपर्यंत काय काय घडलें तें लिहा. बस कोठें मिळाली, कोणीं सांगितली, नाणीं कमी पडलीं तेव्हां काय झालें, हें सर्व लिहा. तसा एक परिच्छेद पुस्तकामागून पुस्तकांत येऊं लागला, म्हणजे वाचकांस आपल्या गांवच्या विमानतळाविषयींही तोच प्रश्न विचारण्याची संवय लागेल. आणि वाचक विचारूं लागले म्हणजे नकाशा मंजूर करणाऱ्यांसही उत्तर शोधावें लागेल. जें लिहिलें जात नाहीं, त्याची उणीवही कोणास भासत नाहीं.

हा लेख ताईंस वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, “सगळं बरं लिहिलंस. पण त्या पोराला बोल लावूं नको. त्यालाही कोणी सांगितलं नसेल, बस कुठं आहे तें.” ही दुरुस्ती आम्हीं आनंदानें स्वीकारली आहे. पुढच्या वर्षीं त्यांचा पुन्हां मुलाकडे जाण्याचा विचार आहे, आणि परत येतांना नागपुरास उतरून एकटीनेंच मेट्रोनें व गाडीनें घरीं यावयाचें, असा त्यांचा हट्ट आहे. आम्हीं होकार दिला आहे. मात्र तोंवर त्या मधल्या किलोमीटरभर वाटेची कांहीं व्यवस्था झाली, तर आमची काळजी पुष्कळ हलकी होईल.